चार रकाने आणि पाथरटोल्याचा तलाव

जीपमध्ये बसलो तेव्हा मी पाच फूट आठ इंच होतो. अकरा दिवसांनी उतरलो तेव्हा पाच फूट सहा. उरलेले दोन इंच चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या रस्त्यांवर सांडले आहेत, कुणाला सापडले तर त्यानं ते ठेवून घ्यावेत. मला आता त्यांची गरज नाही.

दिल्लीहून नवं शैक्षणिक धोरण आलं होतं. हायस्कुलातनं बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाताला काही तरी काम यावं, भविष्याला तोंड देता यावं, असं त्यात होतं म्हणतात. मी ते वाचलेलं नाही. आमच्यापर्यंत धोरण पोचलं ते एका छापील फॉर्मच्या रूपात. त्यावर चार रकाने: टंकलेखन, शिवणकाम, सुतारकाम, रेडिओ दुरुस्ती. एका शाळेला एकच धंदा-विषय, आणि तो एकदाच मिळायचा. पालकसभेनं ठराव करायचा, आम्ही त्या रकान्यात खूण करायची. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत 'इतर (कारण द्यावे)' अशी एक ओळ होती. छापखान्यात थोडी शाई उरली असावी, म्हणून टाकलेली.

आम्ही तिघं. एक साहेब, ज्यांची कंबर दुखायची. एक वासूभाऊ, म्हणजे जीपचा ड्रायव्हर. आणि मी, सातारा जिल्ह्यातल्या तांत्रिक शाळेत पंधरा वर्षं रेडिओ दुरुस्ती शिकवणारा मास्तर, समितीचा 'जाणकार' म्हणून पाठवलेला. जाणकार कशाचा, हे पुढे येईल.

वरोरा

वासूभाऊ इथलाच. वरोऱ्याच्या स्टेशनाबाहेर त्यानं आम्हाला जीपमध्ये घातलं. बाजारात कापसाच्या गाड्या इतक्या लागल्या होत्या की बैलांना एकमेकांच्या पाठीवर मान ठेवून झोपावं लागत होतं. पहिल्याच खड्ड्यात साहेबांचं डोकं छताला लागलं.

"भाऊ, जरा हळू."

"हळूच चालवून राह्यलो जी," वासूभाऊ म्हणाला. "जोरात चालवीन तवा सांगीन तुमाले."

सकाळी स्टेशनावर खाल्ली तीच आमची शेवटची भाकरी. वरोरा सुटलं आणि भात सुरू झाला. सकाळी भात, दुपारी भात, पाहुणे म्हणून जास्तीचा भात. त्यावर लाखोरीच्या डाळीचं वरण आणि अंबाडीची आंबट भाजी. साताऱ्याचा माणूस भाकरीशिवाय किती दिवस जगतो याचा प्रयोग माझ्यावर झाला. जगतो. पण सहाव्या दिवशी त्याला दगडी पाट्यासुद्धा भाजलेल्या दिसायला लागतात.

ब्रह्मपुरी

पाप घडलं ते इथं.

आसपासच्या शाळांच्या मास्तरांना एका वर्गात जमवलं होतं. दुपारची वेळ, पोटात भात. साहेब धोरण समजावत होते आणि मास्तर एकेक करून पडत होते, कडेला लागलेल्या धानाच्या पेंढ्यांसारखे. साहेबांनी हताश होऊन माझ्याकडे पाहिलं. मी उठलो.

मला तेवढंच येतं. झोपलेला वर्ग उठवायला मी खोटं बोलतो. आमच्या शाळेत ते सगळ्यांना माहीत आहे. माझं बोलणं ऐकताना तिकडे लोक मनातल्या मनात चारानं भागतात. इथं भागणारं कुणी नव्हतं.

मी त्यांना सदाशिवची गोष्ट सांगितली. सदाशिव हा माझा विद्यार्थी. बाप गुरं राखणारा. सदाशिव माझ्याकडे रेडिओ शिकला. एक दिवस कलेक्टरसाहेबांचा रेडिओ ऐन बातम्यांच्या वेळी बंद पडला, तीन शहरांतले कारागीर हरले, मग सदाशिवला आणलं. त्यानं पेटी उघडलीसुद्धा नाही. कान लावला, कडेला टिचकी मारली, आणि बातम्या जिथं तुटल्या होत्या तिथूनच पुढे सुरू झाल्या. आज सदाशिवची तीन मजली पेढी आहे, दारात मोटार आहे, आणि कलेक्टर त्याला विचारल्याशिवाय रेडिओचा कान पिळत नाही.

मास्तर जागे झाले. टाळ्या पडल्या. पुढच्या बाकावर नाकाडे सर म्हणून चित्रकलेचे शिक्षक होते, ते तर वहीत लिहून घेत होते. मला बरं वाटलं. पंधरा वर्षांत माझं कुणी लिहून घेतलं नव्हतं.

बाहेर आल्यावर वासूभाऊ म्हणाला, "त्या नाकाड्याले सांगाले नोको होतं सर. तो नाटकात राह्यते."

"म्हणजे?"

"दिवसा शाळा, राती नाटक. आमच्या झाडीपट्टीत सगळा हिवाळाभर तेच. धान घरात आला का गावोगाव पट, म्हंजे बैलायच्या शर्यती, आन् नाटकं. मास्तर, कंडक्टर, सगळे तोंडाले रंग लावते."

मला त्यात काय धोका आहे ते कळलं नाही.

गडचिरोलीच्या पुढे

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. पाटी नवी होती, पाटीमागचं जंगल जुनं. सागाची पानं गळून रस्त्यावर पडलेली, एकेक पान सुपाएवढं, आणि जीप गेली की त्यांचा असा आवाज व्हायचा जणू कुणी हजार पापड मोडतंय. मोह अजून फुलला नव्हता. पळस मात्र लाल व्हायला लागला होता.

एका ओढ्यात जीप रुतली. वासूभाऊनं आम्हाला ढकलायला लावलं. साहेबांची एक चप्पल वाळूनं जी गिळली ती अजून परत केलेली नाही. उरलेला दौरा त्यांनी एक चप्पल आणि एक बूट घालून केला. शाळांतल्या मुलांनी ते फार गंभीरपणे पाहिलं. मोठे अधिकारी असेच चालत असतील, असं त्यांना वाटलं असणार.

तीन शाळा झाल्या. तिन्हीकडे तोच हार, तोच साखरपाक चहा. एका शाळेत वीज नव्हती तरी सुतारकामाचा इलेक्ट्रिक रंधा मागितला होता. दुसरीकडे मुख्याध्यापकांना मी विचारलं, टंकलेखन का? ते म्हणाले, "पहिल्या नंबरवर छापलं आहे ना सर." मी खूण केली. रात्री डाकबंगल्यात पाठ टेकली की मला माझ्याच शाळेची खोली दिसायची. मधोमध टेबल, टेबलावर उघडा रेडिओ. पंधरा वर्षं तोच रेडिओ. मुलं तो बिघडवायची, दुरुस्त करायची, पुढच्या तुकडीसाठी पुन्हा बिघडवून ठेवायची.

पाथरटोला

आठव्या दिवशी पोचलो. शाळा म्हणजे कौलारू पाच खोल्या, मागे मोठा तलाव. बांधावर कडुनिंब, पाण्यावर धुकं, कमळाच्या पानांवरून चालणारे पाणपक्षी. मुख्याध्यापिका रामटेकेबाई फाटकातच उभ्या होत्या. चाळिशीच्या, पांढरी साडी, हातात छत्री. हार नव्हता.

"हार नाही केला सर. फुलं तोडायला पोरी पाठवल्या असत्या तर पहिला तास बुडला असता," त्या म्हणाल्या. "आधी तलाव पहा. चहा मागाहून."

त्यांनी आम्हाला बांधावर नेलं. गावातली निम्मी घरं धीवरांची, तलावातल्या मासोळीवर जगणारी. पावसाळ्यात तलावात माशांचं बीज, म्हणजे इवली पिल्लं, सोडावं लागतं. ते येतं दूर बंगालातनं, हवा भरलेल्या पिशव्यांत, डब्यांत. येईतो निम्मं मरतं, आणि आणणारा व्यापारी एकच, त्यामुळे बोलायची सोय नाही. बाईंनी नववीच्या मुलींची एक वही दाखवली. त्यात तलावाची पाण्याची पातळी होती, पाऊस होता, आणि एक नोंद मी तीनदा वाचली: 'पाचव्या डब्यातले सर्व बीज मेलेले. व्यापारी म्हणाला, झोपले आहे.'

"बीज इथंच करता येतं सर," बाई म्हणाल्या. "मी भंडाऱ्याकडे पाहून आले. मच्छरदाणीसारख्या कापडाचा हौद पाण्यात बांधायचा, मादीला इंजेक्शन द्यायचं, रात्रीतून अंडी."

"माशाला इंजेक्शन?"

"हो."

मी आयुष्यभर थापा मारल्या, पण ही मलाही सुचली नसती. आणि ती खरी निघाली.

"दहावी झाल्यावर इथली पोरं काय करतात ठाऊक आहे? तेंदूपत्ता तोडतात, नाही तर रस्त्याच्या कामावर जातात. दहावी न झालेली पण तेच करतात. मग आईबाप विचारतात, बाई, पोरीले तीन वर्षं बसवून ठेवलं ते कायले? औंदा आठवीतून नववीत येताना निम्म्या पोरी गळल्या. तुमचा विषय मत्स्यबीजाचा मिळाला तर मी त्यांना घरून ओढून आणू शकते. नाही मिळाला तर पुढच्या वर्षी नववीचा वर्ग राहतो का, सांगता येत नाही."

साहेबांनी फॉर्म पाहिला. "रकाना नाही बाई."

"इतर आहे खाली."

"त्याला पालकसभेचा ठराव लागेल. एकमतानं."

बाईंचा चेहरा पडला. "तेच तर," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. "गावाला आता रेडिओ पाहिजे."

"रेडिओ? इथं?"

"तीन दिवसांपूर्वी शेजारच्या गावी पट होता. बैलांच्या शर्यती झाल्या, मग नाटक. त्यात एक नवा प्रवेश घातला आहे म्हणे. गुराख्याचा पोरगा रेडिओवर टिचकी मारतो, कलेक्टर त्याच्या पाया पडतो, तो मोटारीतून जातो. मोटार बांबूची केली होती. अख्खा गाव पाहून आला. प्रवेश संपल्यावर नट हात जोडून सांगतो, ही सत्यकथा आहे, साताऱ्याच्या सरांनी स्वतः सांगितली."

वासूभाऊ तलावाकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

सभा दुपारी शाळेच्या पटांगणात. माणसं वेळेआधी आली, मला बघायला. एकानं माझ्या पायांनाही हात लावला. पुढे बसले होते डोमाभाऊ, धीवरांतले जाणते, मासेमार सोसायटीचे म्होरके. साठीचे, अंगावर धोतर आणि बंडी, बोटांवर जाळ्याच्या दोरीचे घट्टे.

बाईंनी आपलं म्हणणं मांडलं. डोमाभाऊंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाई, तुमी चांगल्या आहा. पण एक विचारतो, राग नोका मानू. छप्पन साली तुमच्या बापानं दीक्षा घेतली, आपलं जुनं काम सोडलं. म्हणून तुमी आज बाई झाल्या. माह्या बापानं जाळं टाकलं, मी जाळं टाकतो, आन् माही नात शाळेत जाऊन बी मासोळीच शिकंल? मंग शाळा कायले पायजे? घरीच शिकवतो मी तिले, फुकटात."

माणसं हसली. हे हसणं बाईंना लागलं, ते दिसलं.

"डोमाभाऊ, जाळं शिकवायची माझी ऐपत नाही," त्या म्हणाल्या. "ते तुमचं आहे. मी बीज करायचं म्हणते. ते आज तुम्हालाही येत नाही, मलाही येत नाही. त्या व्यापाऱ्याच्या तोंडाकडे तुम्ही पाहता, तसं तुमच्या नातीनं पाहू नये, एवढंच म्हणते."

"आन् मोटार?" मागून कुणी तरी म्हणालं. "रेडिओवाल्याले मोटार भेटली. सरायलेच इचारा ना."

सगळे माझ्याकडे वळले. मी उभा राहिलो, आणि खरं सांगतो, तोपर्यंत माझ्या डोक्यात एक नवी थाप तयार झाली होती. कोल्हापूरकडची एक धीवराची पोर, माशाचं बीज करते, तिच्याकडे विमान आहे. पाण्यावर उतरणारं. मी तोंड उघडलं. बाई शेजारीच होत्या. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "सर, खोटं सांगून मिळालेला विषय मला पुरणार नाही. पोरं उद्या विचारतील."

विमान उतरलं.

"सदाशिवकडे मोटार नाही," मी म्हणालो.

मी पुढे सांगत गेलो. कलेक्टरचा रेडिओ नाही, तीन मजले नाहीत. सदाशिव खराच आहे, बापही गुराखीच होता. माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी. त्यानं रेडिओ शिकून गावात टपरी टाकली. त्याच्या गावात रेडिओ सोळा आणि मी शिकवलेले दुरुस्त करणारे बावीस. टपरी वर्षभरात उठली. आता तो एसटीच्या डेपोत गाड्या धुतो. मी दर वर्षी एक नवी तुकडी शिकवतो, कारण शाळेला तो विषय मिळालेला आहे आणि माझ्याकडे तो रेडिओ आहे.

मला वाटलं, आता मारतील. त्यांनी त्याहून वाईट केलं. विश्वास ठेवला नाही.

"आता काऊन पलटून राह्यले?" मागचा माणूस म्हणाला. "चांगलं ते तिकडं ठेवाचं, आन् आमाले मासोळ्या दावाच्या. समजते आमाले."

"सायबानं शिकवून आनलं असन."

साहेबांनी घाबरून आपला बूट आणि चप्पल बाकाखाली घेतले.

"अहो, मी शपथेवर सांगतो."

"नाटकात बी शपथेवरच होतं जी."

खोट्याला पंख लावून सोडलं की ते बांबूच्या मोटारीत बसून आपल्या आधी गावात पोचतं, आणि खरं मागून भात खात येतं. मी बसायला लागलो. तेवढ्यात डोमाभाऊंनी हात वर केला.

"सर, त्या पोट्ट्याले शेवटी कवा भेटले तुमी?"

"तीन वर्षं झाली."

"डेपो दूर आहे तुमच्या गावापासून?"

"नाही. रोज तिथूनच एसटी धरतो."

"मंग?"

मी खाली पाहिलं. "तो पुढच्या फाटकाशी असतो. मी मागच्या फाटकानं जातो."

"काऊन?"

"लाज वाटते."

डोमाभाऊंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मासा गळाला लागला आहे की नुसतं गवत अडकलं आहे, ते दोरीवरून ओळखणारा माणूस. मग ते मागे वळून म्हणाले, "खरं आहे. खोटं बोलनारा मागच्या फाटकानं नाई जात. तो समोरून येते, हार घालून घेते."

मागच्या माणसांनीही माना डोलावल्या, आणि डोमाभाऊ बाईंकडे वळले.

"लिव्हा बाई ठराव," ते म्हणाले. "बीज लिव्हा. पन एक अट आहे. जाळं शाळेत आनाचं नाई. पुस्तक आना, दवाई आना, ते इंजेक्शन आना. जाळ्याची गाठ पोट्टे आमच्यापाशी शिकतीन. आन् पोरीयचं नाव आधी लिव्हा, त्याईनंच तो मेलेला डबा मोजला होता."

संध्याकाळी त्यांच्या घरी जेवलो. भात होता, पण त्यावर तलावातल्या मासोळीचा झणझणीत रस्सा. भाकरीची आठवण आली नाही, हे साताऱ्यात सांगू नका. डोमाभाऊंची नात वाढत होती. तिनं मला विचारलं, "सर, मोटार खरंच बांबूची होती का जी?" मी म्हटलं, "ती एकच गोष्ट खरी होती."

सकाळी मी 'इतर' या ओळीवर मत्स्यबीज लिहिलं. कारण द्यायला जागा बोटभर होती, म्हणून समासात लिहिलं, मग पाठीमागे. साहेबांनी कंबर धरून सही केली. त्यांना नागपूरची गाडी गाठायची होती. वासूभाऊनं जीप सुरू केली आणि मला पुढे बसवलं. आठ दिवसांत पहिल्यांदा.

परत

पुढच्या तीन दिवसांचं काही सांगण्यासारखं नाही. खड्डे होते.

पावसाळ्याच्या तोंडावर रामटेकेबाईंचं पत्र आलं. फॉर्म परत आला होता, 'रकान्याबाहेर लिहू नये' असा शेरा मारून. त्यांनी तो पुन्हा पाठवला, पुन्हा आला, तिसऱ्यांदा पाठवला आहे. तोपर्यंत वाट पाहायची नाही म्हणून डोमाभाऊ आणि सोसायटीच्या माणसांनी शाळेमागे एक खड्डा खणून दिला आहे. मच्छरदाणीचं कापड आलं आहे. नववीत अकरा पोरी आल्या आहेत. नाकाडे सरांनी नाटकात बदल केला आहे. आता प्रवेशाच्या शेवटी साताऱ्याचा मास्तर येतो आणि कबूल करतो की मोटार नव्हती, आणि त्या जागी सर्वांत जास्त हशा पिकतो. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: 'डोमाभाऊ विचारतात, सर पुढच्या फाटकानं गेले का?'

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या फाटकानं गेलो.

सदाशिव एका गाडीच्या चाकांवर पाणी मारत होता. केस थोडे पिकलेले. मला पाहून त्यानं नळी खाली ठेवली, हात बंडीला पुसले.

"सर, आज इकडून?"

मी त्याला सगळं सांगितलं. टिचकी, कलेक्टर, बांबूची मोटार, सभा. न वाढवता सांगितलं; सवय नसल्यानं अडखळलो. तो ऐकत राहिला. मोटारीच्या ठिकाणी हसला. मग नळी उचलली, पाण्याची धार चाकावर धरली, आणि माझ्याकडे न पाहता विचारलं,

"मग त्या शाळेनं रेडिओ घेतला?"

"नाही."

"बरं झालं," सदाशिव म्हणाला, आणि पुढच्या चाकाकडे गेला.